चर्चमधली भांडणं चर्चमध्येच मिटतात का? (पत्र्यांच्या बिलांची गोष्ट)

डावा_बाक
नमस्कार मंडळी, सलाम. वाचतो रोज, लिहितो आज पहिल्यांदा, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं चर्च लहान आहे, सत्तरेक घरं. उत्तर नागपुरात. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या चहाच्या वेळेपर्यंत मेकोसाबागपासून मोहननगरपर्यंत सगळ्यांना कळेल मी कोणाचा मुलगा ते. तीन वर्षांआधी आम्ही छताचे कवेलू काढून पत्रे टाकले. एकूण खर्च ४ लाख ८० हजार. काम उभं राहून करून घेतलं आमच्या सेक्रेटरींनी, त्यांना मी लहानपणापासून मोठे काका म्हणतो, बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. मे महिना, ४५ डिग्री, माणूस डोक्याला दुपट्टा बांधून रोज दुपारी तिथं हजर. बाबा खजिनदार.

वार्षिक सभेत बाबा म्हणाले की ३८ हजारांची बिलं अजून लागलेली नाहीत, ती मिळाली की हिशेब पास करू. एवढंच वाक्य. काका उठले आणि म्हणाले, म्हणजे मी चोर? बाबा म्हणाले मी असं कुठं म्हटलं. काका म्हणाले सगळ्यांसमोर अजून कसं म्हणतात? आणि गेले निघून.

तेव्हापासून आम्ही डावीकडच्या बाकांवर, ते उजवीकडच्या. प्रभुभोजनाला बाबा समोर गेले की काका पुढच्या रांगेसाठी थांबतात. मागच्या नाताळात एकाच घरी एकाच रात्री दोन कॅरोल पार्ट्या आल्या, एक साडेनऊला, एक सव्वादहाला, त्या बिचाऱ्या बाईंनी दोनदा करंज्या वाढल्या आणि दोन्ही वेळा तेच गाणं ऐकलं.

आता उजवीकडचे म्हणून राहिले की धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार टाकू. आमच्याकडचे म्हणतात त्याआधी आपणच नोटीस पाठवू. बाबा ७१ चे आहेत, बीपी आहे. ज्याला विचारावं तो बायबलमधला मत्तय १८ वाच म्हणतो. वाचलंय. माझा प्रश्न साधा आहे, हे चालताना कोणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय का?

तर्रीपोहा
पहिला नंबर. वाचून येतो मग बोलतो.

निवृत्त_बाई
पाहिलंय. एकदा चाललं, चारदा नाही. जे चारदा नाही चाललं त्या चारही वेळा पहिली पायरी कोणीच चढलं नव्हतं.

मत्तय १८ मध्ये सांगितलेलं काय आहे, भावाने अपराध केला तर आधी तू एकटा जा, दोघंच असताना बोल. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने. तरी नाही तर मंडळीला सांग. आमच्याकडे काय होतं, आधी व्हॉट्सॲपवर, मग महिला मंडळात, मग पाळकसाहेबांच्या कानात, आणि ज्याचं भांडण आहे त्याला सगळ्यात शेवटी कळतं. उलटी शिडी.

बाळा, एक विचारू? रागावू नकोस. सभेच्या आधी तुझे बाबा त्यांच्या घरी गेले होते का बिलं मागायला?

डावा_बाक
बाई, विचारलं बाबांना आत्ता. म्हणतात फोन केला होता, उचलला नाही. किती वेळा, म्हटलं. तर म्हणे, एकदा. आणि घर किती दूर आहे विचाराल तर तीन गल्ल्या.

मुळामुठा
आमच्या सोसायटीत लिफ्टच्या हिशेबावरून हेच. फरक इतकाच की आमच्याकडे कोणी कोणाशी आधीपासूनच बोलत नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा
पुणेकर आले म्हणजे धागा चालला बाप्पा.

आमच्या चर्चातला झगडा कूलरचा होता. दोन कूलर घेतले, दोन्ही एका बाजूनं लावले, काहून तर म्हणे पाण्याचा नळ तिकडं आहे. दुसऱ्या बाजूचे लोकं घामानं न्हाऊन राहिले अन् पाळक उपदेश देऊन राहिले की एकमेकांचा भार वाहा. एका म्हातारबुवानं उपासना चालू असताना उठून कूलरचं तोंड फिरवलं. तिकडच्यानं परत फिरवलं. चार रविवार हेच. शेवटी एका पोट्ट्यानं चाकं लावून दिली त्याले. म्हणजे चाकं लागल्यावर झगडा मिटला असं नाही, झगडा पण फिरता झाला.

वसईकरीण
आम्ही कॅथलिक, तर आमच्याकडची रचना वेगळी. पॅरिशमध्ये फायनान्स कौन्सिल कॅनन लॉप्रमाणे (म्हणजे चर्चचा स्वतःचा कायदा) असावीच लागते पण ती सल्ला देते, शेवटचा शब्द फादरांचा. त्यामुळे आमच्याकडे खजिनदार विरुद्ध सेक्रेटरी असं क्वचित, लोक विरुद्ध फादर असं जास्त. फादर बदलून गेले की भांडण मिटलं समजायचं.

पण घराघरांतली भांडणं तीच. माझ्या सासरी दोन भाऊ विहिरीच्या पाळीवरून बोलत नव्हते, वाडी एक, विहीर एक, पंप दोन. मिसामध्ये प्रभूची प्रार्थना झाल्यावर कम्युनियनच्या आधी एकमेकांना शांतीचं अभिवादन करायचं असतं. हे दोघं बरोबर एकामागे एक बसायचे आणि त्या क्षणी एक उजवीकडे वळायचा, एक डावीकडे. आख्ख्या चर्चशी हात मिळवायचे, एक हात सोडून. मुलं मोजायची, आज काकांनी किती जणांना शांती दिली. सासूबाई वारल्या त्या दिवशी खांदा द्यायला माणसं कमी पडली, पाऊस होता, तेव्हा दोघांना एका बाजूला यावं लागलं. पंप अजून दोनच आहेत.

काळाकोट
मी वकील आहे, नागपूरचाच. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ६ व्या अध्यायात माझ्या धंद्याबद्दल काय लिहून ठेवलंय (आपसातले वाद कोर्टात नेऊ नका) ते मला पाठ आहे, त्यामुळे कोणी ते पुन्हा टाकू नका.

डावा_बाक, कोर्टकचेरीचा विचार करत असाल तर आधी एक गोष्ट बघा, तुमचं चर्च कोणत्या ट्रस्टखाली आहे आणि त्या ट्रस्टच्या रजिस्टरवर विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० प्रमाणे विश्वस्त बदलले की कलम २२ खाली ९० दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा असतो. अनेक ठिकाणी तो टाकलेलाच नसतो, किंवा टाकला आणि कोणीतरी हरकत घेतली की वर्षानुवर्षं पडून. मग ३८ हजारांचा मुद्दा राहतो बाजूला आणि वाद सुरू होतो की मुळात विश्वस्त कोण. हे मी फार वेळा पाहिलंय. लोक बिलं मागायला आत येतात आणि बाहेर पडेपर्यंत बिलं कशाची होती ते विसरलेले असतात. फी मात्र माझ्या लक्षात असते.

नोटीस पाठवायला मी नाही म्हणणार नाही, माझं पोट आहे त्यावर. पण ३८ हजारांसाठी ७१ वर्षांच्या माणसाला तारखा करायला लावायच्या का हे तुम्ही ठरवा.

तर्रीपोहा
वाचून आलो. माझं मत, वकील साहेबांचा शेवटचा पॅरा फ्रेम करून प्रत्येक चर्चमध्ये लावा, दानपेटीच्या वर.

जुना_नकाशा
सगळे वैतागले आहेत तर थोडा इतिहास सांगतो, नागपूरचाच आहे आणि विषयाला धरून आहे.

नागपुरात प्रोटेस्टंट मिशन आलं तेच एका भांडणानंतर. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये १८४३ ला मोठी फूट पडली, वाद हा की गावातला पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने. चारशेच्या वर पाळक राहती घरं आणि पगार सोडून बाहेर पडले, त्यांनी फ्री चर्च काढलं. स्टीफन हिस्लॉप हा त्या फ्री चर्चचा माणूस, १८४५ मध्ये नागपुरात पोचला. ज्याच्या नावाचं कॉलेज आहे तोच.

आणि सव्वाशे वर्षांनी त्याच नागपुरात उलटं झालं. २९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळी चर्चेस एक झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. बोलणी सुरू झाली होती १९२९ मध्ये. म्हणजे एक्केचाळीस वर्षं! आणि मुद्दे काय साधे होते का. एक म्हणतो तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करायचा, दुसरा म्हणतो कळत्या वयात स्वतः विश्वास धरल्यावरच. यात मधला रस्ता काढणार कसा, अर्ध्या बाळाचा तर बाप्तिस्मा होत नाही. त्यांनी काढलेला तोडगा असा की दोन्ही पद्धती चालतील, ज्याला जी पटते ती. कोणी कोणाला हरवलं नाही. आणि तरी अमेरिकन परंपरेचं मोठं मेथडिस्ट चर्च अगदी शेवटच्या टप्प्यावर बाजूला झालंच.

सांगायचं एवढंच, बिशप लोकांना एक्केचाळीस वर्षं लागली, तुमच्या बाबांना तीनच झालीत.

काळाकोट
नकाशासाहेब, त्या सहांपैकी ब्रदरनचं पुढे काय झालं तेही सांगा ना. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचं प्रकरण २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि कोर्ट म्हणालं की नुसता ठराव करून मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, ट्रस्टच्या कायद्याची रीत पाळावी लागते. १९७० ला हात मिळवले, २०१३ ला निकाल. मनं जुळली तरी सातबारा जुळायला वेळ लागतो.

वऱ्हाडी_ठेचा
सातबारा कधी जुळला हो कोणाचा.

पावसाळी_छत्री
मला इथे थोडं कडू बोलायचं आहे. आधी एकांतात जा, दोघंच बोला, बाहेर नेऊ नका, हे ऐकायला छान वाटतं पण याच वाक्यांनी किती गोष्टी दाबल्या जातात ते बायकांना विचारा. आमच्याकडे (शहर सांगत नाही) तरुण संघाच्या एका मोठ्या माणसाबद्दल दोन मुलींनी तक्रार केली. दोघींना काय सांगितलं, तर मत्तय १८ प्रमाणे आधी त्याच्याशी एकटीने जाऊन बोल. ज्याची भीती वाटते त्याच्याचकडे एकटीने! मग क्षमा करा, साक्ष बिघडेल, बाहेरचे काय म्हणतील. एक मुलगी चर्चच सोडून गेली. तो माणूस अजून पहिल्या बाकावर बसतो.

तेव्हा मिटवा मिटवा म्हणणाऱ्यांनी आधी बघावं की दोन बाजू सारख्या वजनाच्या आहेत का.

निवृत्त_बाई
छत्री, तुझं बरोबर आहे आणि माझ्या पहिल्या उत्तरात हे यायला हवं होतं. तो अध्याय सुरूच लहान लेकरांपासून होतो, त्यातल्या एकालाही अडखळण झालास तर गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेला बरा, असं. नंतर हरवलेलं मेंढरू, आणि मग कुठे हा भावाकडे जाण्याचा भाग. लोक मधले तीन श्लोक कापून घेतात आणि जात्याची तळी विसरतात.

काळाकोट
आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर प्रश्नच मिटला. पोक्सो २०१२, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा, त्याचं कलम १९, माहिती असलेल्या कोणीही पोलिसांना कळवायचंच आहे, न कळवणं हाच गुन्हा. पाळक असो की कमिटी. तिथे चर्चमध्ये मिटवणं नावाचा प्रकार नाही.

टाळ_चिपळी
मी ख्रिस्ती नाही, वारकऱ्याच्या घरचा, तरी वाचतोय सकाळपासून. आमच्या दिंडीत वीणा कोणी धरायची यावरून दोन फड झाले ते झालेच. एक शंका, ते मंडळीचंही ऐकलं नाही तर काय करायचं सांगितलंय पुढे? वाळीत?

निवृत्त_बाई
तो तुला परराष्ट्रीय आणि जकातदार यांच्यासारखा असो, असं आहे. आता गंमत बघा, हे लिहिलेलं आहे मत्तयाच्या शुभवर्तमानात, आणि मत्तय स्वतः जकातनाक्यावर बसणारा. येशू जकातदारांशी कसा वागला, तर त्यांच्या घरी जेवायला गेला. माझे वडील पाळक होते, ते म्हणायचे की याचा अर्थ त्याला हाकलून द्या असा घ्यायचा की पहिल्यापासून सुरुवात करा असा, हे ज्याच्या त्याच्या पोटातल्या रागावर असतं.

मुळामुठा
म्हणजे शेवटी जेवण आलंच. नागपूर आहे, सावजी असणार.

हिरवा_कंदील
सगळी भांडणं मिटलीच पाहिजेत हा हट्ट का पण? पौल आणि बर्णबा बघा, बायबलमधले सोबत सुवार्ता सांगत फिरणारे दोघं. मार्कला सोबत न्यायचं की नाही यावरून इतकं वाजलं की दोघं वेगळे झाले, एक सायप्रसला गेला, एक सिरियाकडे. तिथे ग्रीकमध्ये जो शब्द आहे, पॅरोक्सिस्मॉस, त्यावरूनच डॉक्टर लोक झटक्याला पॅरोक्सिझम म्हणतात. म्हणजे चर्चा वगैरे नाही, झटकाच. आणि एकाच्या जागी दोन पार्ट्या सुवार्तेला निघाल्या. तुमच्या दोन कॅरोल पार्ट्यांसारखं.

जुना_नकाशा
पण म्हातारपणी तुरुंगातून तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मध्ये काय झालं ते कुठेच लिहिलेलं नाही.

तर्रीपोहा
कोणीतरी तीन गल्ल्या चालून गेलं असेल.

निवृत्त_बाई
डावा_बाक अजून आहे का इथे? रात्री झोप लागत नव्हती तेव्हा एक डोक्यात आलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावलतात अशी ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली. प्रेषितांनी चौकशी समिती नेमली नाही, आमच्यावर संशय घेता का असंही म्हटलं नाही. मंडळीला म्हणाले, सात माणसं निवडा. आता ती सात नावं वाच, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर... सातही ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती, वाढायचा पळा त्यांच्याच माणसांच्या हातात दिला.

तुमच्याकडे हिशेब एकाच बाजूकडे आणि काम एकाच बाजूकडे असं आहे. पुढच्या वर्षी उजवीकडच्या कोणाला तरी वह्या तपासायला बसवा आणि डावीकडच्याला कामावर उभं करा, मे महिन्यात. ४५ डिग्रीत दोन दुपारी उभं राहिलं की कळतं प्रत्येक चहाचं बिल का नसतं ते.

काळाकोट
हे कायद्यातही बसतं. अर्थात ऑडिट वेगळं, ते सीएकडूनच.

डावा_बाक
बारा दिवसांनी येतोय, माफ करा. गेलो होतो.

बाबा तयार नव्हते. मी म्हटलं तुम्ही येऊ नका, मीच जातो, तर अर्ध्या गल्लीत मागून चपलांचा आवाज आला. संध्याकाळचे सहा, गर्मी तशीच. काका अंगणात बनियनवर कूलरच्या टाकीत पाइप धरून उभे. आम्हाला पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. पाइप तसाच. टाकी भरली, पाणी वरून वाहायला लागलं, खाली त्यांच्या पायावर, तरी तसाच. बाबांनी जाऊन नळ बंद केला. त्यांना माहीत होता नळ कुठं आहे तो.

काकू आतून पाणी घेऊन आल्या. दहा मिनिटं नुसता कूलर. मग काका उठले आणि देवघरासारखं जिथं बायबल ठेवतात ना, त्या कपाटातून हल्दीरामची पिशवी आणली. आत बिलं. वेल्डिंगची, बोल्टची, दोन ट्रॉली रेतीची, घामाने शाई पसरलेली. बाबांनी तिथंच चष्मा लावून बेरीज केली, २६ हजार २००. उरलेले ११ हजार ८०० मजुरी, रोखीने, कुठलं बिल नाही. वहीच्या एका पानावर नावं आणि अंगठे, बस.

बाबा म्हणाले, हे आधीच दिलं असतंस तर. काका म्हणाले, आधी असा घरी आला असतास तर. मला वाटलं आता रडतील, मिठी मारतील. नाही. बाबांनी पान घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, अंगठे व्हाउचरवर घ्यायचे असतात रे, वहीत नाही. काका म्हणाले, तुझ्यासारखा खजिनदार नको कोणाला.

बाईंची अध्याय ६ वाली गोष्ट मी मध्ये टाकली, कोणी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. सभा दोन रविवारांनी आहे. तक्रारवाले अजून तक्रार टाकायचीच म्हणतात, त्यांना आता काकांचाही राग आलाय. परवाच्या रविवारी बाबा डावीकडेच, काका उजवीकडेच.

पण काल काकूंनी आंब्याच्या लोणच्याची बरणी पाठवली. तीन वर्षं आली नव्हती. आई म्हणते बरणी रिकामी परत द्यायची नसते. काय भरून द्यावं, सुचवा.

वसईकरीण
करंज्या. आणि यावेळी एकदाच.

वऱ्हाडी_ठेचा
संत्रा बर्फी द्या जी, नागपूरचे ना तुम्ही.

तर्रीपोहा
व्हाउचरं. कोरी.